पर्जन्याचे पूर्वानुमान : योजना नव्हे, कायदा हवा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास मात्र अवघा ७४ मिलिमीटर. एकाच महानगरात एवढी तफावत असेल, तर या दोन वेधशाळांच्या आकड्यांवरून भाईंदरच्या खाडीकाठचे अनुमान बांधणे कितपत युक्त? त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे प्राण घेतले, हे विसरता येत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे म्हणून वायू, उदक, देश व काल यांची विकृती सांगितली आहे. औषधींचा संग्रह ती विकृती पसरण्यापूर्वीच करावा, असेही तेथे सुचविले आहे. पूर्वानुमानाचे मोल वैद्यांना निराळे सांगावयास नको. (ऋतुसंधी मात्र आपण अजूनही पंचांगातच शोधतो!)

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. नवी रडारे व अधिक क्षमतेचे संगणक त्यातून येतील, हे स्वागतार्हच. परंतु योजनेस मुदत असते. अमेरिकेने २०१७ मध्ये हवामान संशोधन व पूर्वानुमानासाठी स्वतंत्र कायदाच केला. तसा कायदा आपल्याकडेही व्हावा, आणि अतिवृष्टीचा प्रभागनिहाय इशारा तेथील प्रत्येक चिकित्सकास, मग तो कोणत्याही पद्धतीचा असो, वेळेत कळविण्याचे बंधन त्यात असावे. काशीमिऱ्याच्या वैद्यास आदल्या सायंकाळी इशारा मिळाला, तर पायास जखम असलेल्या रुग्णाला ‘उद्या साचलेल्या पाण्यात उतरू नका’ एवढे तरी तो सांगू शकेल.