क्ष-किरण चित्रांची वखार आणि खेड्यांतील रुग्ण

ह्या मासिकाच्या वाचकांस बियाणें, खतें, पाणी, कर्ज व बाजारभाव ह्या विषयांवरील लेख वाचण्याची संवय आहे. तेव्हां ह्या अंकांत रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांचा विषय पाहून कोणी विचारील कीं, शेतकऱ्यांच्या मासिकाशीं ह्याचा संबंध काय? त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, शेतीच्या भांडवलांत पहिलें भांडवल शेतकऱ्याचें शरीर होय. बैल आजारी पडला तर उसना मिळतो; पेरणी साधली नाहीं तर दुबार करतां येते. परंतु घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई अंथरुणास खिळली म्हणजे आधीं दागिने, मग गुरें व शेवटीं जमीन ह्या क्रमानें घर उतरत जातें. हें आपण सर्वांनींच पाहिलेलें आहे.

गेल्या वर्षीं आमच्याच शिवारांतील एक शेजारी ऐन कापसाच्या वेचणींत खोकल्यानें बेजार झाला. दोन महिने काढे व दुकानांतून आणलेलीं औषधें घेऊन झाल्यावर त्यानें तालुक्याच्या गांवीं एका ठिकाणीं छातीचें क्ष-किरण चित्र काढविलें. चित्र वाचणारा डॉक्टर तेथें नव्हता. तें इंटरनेटवरून शहरांत गेलें व 'अहवाल आला कीं कळवूं' असें सांगून शेजाऱ्यास परत पाठविण्यांत आलें. अहवाल दुसऱ्याच दिवशीं आला. परंतु तो आला तेथील तंत्रज्ञाच्या मोबाईलवर, आणि तो तंत्रज्ञ त्याच आठवड्यांत नोकरी सोडून गेला. शेजाऱ्यानें दोनदां मजुरी बुडवून फेरी घातली. दोन्ही वेळां 'अजून आलेला नाहीं' हेंच उत्तर मिळालें. २३ व्या दिवशीं अहवाल हातीं पडला. क्षयाचा संशय व थुंकीची तपासणी त्वरित करण्याची सूचना त्यांत स्वच्छ लिहिलेली होती. ते २३ दिवस हा माणूस एका खोलींत दोन नातवंडांजवळ निजत होता. आज तो बरा आहे. पण धाकट्या नातवासही पुढें औषध घ्यावें लागलें.

ह्या प्रकरणांत यंत्रानें आपलें काम केलें, शहरांतील डॉक्टरानेंही केलें. उणें पडलें तें मधल्या व्यवस्थेंत. चित्र शंभर कोस गेलें व एका दिवसांत वाचलेंही गेलें. परंतु ज्याच्या छातीचें तें चित्र त्याच्यापर्यंत निकाल पोंचविण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. आमच्या मतें ह्या नव्या सोयीचा सर्व प्रश्न येथें सांठलेला आहे.

ही सोय काय आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे. ज्यास 'क्लाउड' म्हणजे मेघ म्हणतात, त्याचा आपण ज्याची ज्येष्ठांत वाट पाहतों त्या मेघाशीं कांहीं संबंध नाहीं. दूर कोठें तरी मोठाल्या संगणकांची एक वखार असते. आपल्या यंत्रांतून निघालेलें चित्र तारेवाटे किंवा मोबाईलच्या जाळ्यावाटे तेथें जाऊन राहतें, व ज्यास परवानगी असेल तो डॉक्टर पुण्यांत असो वा नागपुरांत, तें उघडून पाहूं शकतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांस एकमेकांचीं चित्रें कळावीं म्हणून सर्वांची एक भाषाही ठरलेली आहे. तिला 'डायकॉम' असें म्हणतात व ती ह्या नांवानें १९९३ पासून चालू आहे. एकंदरींत धान्य आपलें, वखार दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

ह्या सोयीचे गुण आम्हांस नाकारावयाचे नाहींत. हिमाचल प्रदेशांत २०१४ पासून अर्धांगवायूच्या रोग्यांसाठीं असा प्रयत्न झाला. डोक्यांतील रक्तवाहिनींत गुठळी अडकली असेल तर ती विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. परंतु रक्तवाहिनी फुटली असेल तर तेंच औषध प्राण घेईल. दोहोंतील भेद सीटी स्कॅनच्या चित्रावांचून कळत नाहीं. डोंगरांतील लहान रुग्णालयांत मेंदूचा तज्ज्ञ कोठून असणार? तेथील डॉक्टरांनीं स्कॅनचीं चित्रें मोबाईलवरून तज्ज्ञांकडे पाठविलीं व त्यांच्या सल्ल्यानें जागच्या जागीं औषध दिलें. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें खेड्यांत नेत्रकेंद्रें काढून तेथील प्रशिक्षित मुलींच्या साहाय्यानें दूरच्या रुग्णांचे डोळे डॉक्टरांस दाखविण्याची पद्धति पाडली आहे. क्षयाच्या बाबतींत तर जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं १५ वर्षें व त्यावरील वयाच्या माणसांचीं छातीचीं चित्रें चाळणीसाठीं संगणकाकडून वाचविण्यास संमति दिली. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या देशांत असल्यामुळें ही गोष्ट आपणांस क्षुल्लक नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयशोध मोहिमेंत हातांत धरतां येण्याजोगीं क्ष-किरण यंत्रें गांवोगांव नेण्यांत आलीं.

आतां व्यवहाराच्या बाजू पाहूं. पहिली बाजू रस्त्याची. छातीचें एक चित्र साधारणतः २० मेगाबाइटांचें धरलें व जोडणीचा वेग सेकंदास २ मेगाबिट असला, तर तें पोंचण्यास ८० सेकंद लागतात. सीटी स्कॅनचा एक काप सुमारें अर्ध्या मेगाबाइटाचा असतो. ३०० कापांचा स्कॅन म्हणजे १५० मेगाबाइट, व त्यास त्याच वेगानें १० मिनिटें लागतात. हा हिशेब वीज व जोडणी अखंड असतां. म्हणून बॅटरीची सोय व जोडणी तुटल्यास राहिलेल्या ठिकाणापासून पुढें पाठविण्याची योजना ज्या केंद्रांत नाहीं, तेथें पाटीवर कांहींही लिहिलेलें असो, तें केंद्र पावसाळ्यांत बंदच समजावें. कित्येक ठिकाणीं ह्यावर तोड म्हणून फिल्म उजेडापुढें धरून मोबाईलनें तिचा फोटो घेतात व तोच पाठवितात. डोक्यांत मोठा रक्तस्राव आहे कीं नाहीं एवढा ढोबळ प्रश्न असेल तेव्हां असा फोटो कामास येईल. परंतु फुप्फुसांतील बारीक छाया अशा फोटोंत हरवूं शकते.

दुसरी बाजू चित्र काढणाराची. माती-परीक्षणाचा अनुभव असलेल्या वाचकांस ही चटकन पटेल. बांधालगतची, खताच्या ढिगाखालची किंवा झाडाच्या सावलींतली माती पिशवींत भरून पाठविली तर प्रयोगशाळा कितीही उत्तम असो, निकाल चुकीचाच येणार. क्ष-किरण चित्राचेंही तसेंच आहे. रुग्णानें श्वास पुरा भरून रोखलेला नसला, अंग थोडें तिरपें राहिलें किंवा हललें, कीं निरोगी छातीवर रोगाची छाया दिसते अथवा असलेली छाया लपते. दूरचा डॉक्टर पुढें आलेलें चित्र तेवढें वाचतो. रुग्णास पुन्हां उभा करणें त्याच्या हातीं नसतें. त्यामुळें डॉक्टर जितका दूर, तितका जवळचा तंत्रज्ञ अधिक शिकलेला पाहिजे. व्यवहारांत मात्र उलट दिसतें. चित्र शहरांत वाचलें जाणारच, मग येथें कमी पगाराचा कोणी पोरगा बसविला तरी चालेल, असा हिशेब केला जातो. ह्यांत रुग्णाची फसवणूक तर आहेच, शिवाय धोकाही आहे. कारण क्ष-किरण यंत्र चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो उगाच नव्हे.

तिसरी बाजू उत्तरदायित्वाची. दूरवैद्यकासंबंधीं आपल्या देशांत मार्च २०२० मध्यें जे नियम झाले, त्यांप्रमाणें सल्ला देणारा नोंदणीकृत वैद्यकव्यवसायीच असला पाहिजे, व संगणकीय बुद्धीस त्याला मदत करतां येते, परंतु स्वतः रुग्णास सल्ला देतां येत नाहीं कीं औषध लिहितां येत नाहीं. हा नियम आपण पाठ करून ठेवावा. अहवालाखालीं डॉक्टराचें नांव व नोंदणी क्रमांक नसेल तर तो कागद अहवाल नव्हे. क्षयाच्या चाळणींत संगणकानें 'संशय' म्हटलें तरी तें निदान होत नाहीं. पुढें थुंकीची तपासणी व्हावीच लागते.

चौथी बाजू वखारीच्या पावतीची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची आहे. ऊस घालणारा शेतकरी काट्याची पावती घेतल्यावांचून गाडी हलवीत नाहीं. वखारींत धान्य ठेवणारा पावती पेटींत जपतो. मग आपल्या शरीराचें चित्र परक्या वखारींत ठेवतांना पावती कां मागूं नये? वैद्यकव्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णानें आपले वैद्यकीय कागद मागितले तर ते ७२ तासांच्या आंत देण्याचें बंधन डॉक्टरांवर आहे. हें बहुतेकांस ठाऊक नसतें, म्हणून कोणी मागत नाहीं, आणि कोणी मागत नाहीं म्हणून कोणी देत नाहीं. परिणाम असा कीं, जिल्ह्याच्या ठिकाणीं गेलें कीं तेंच चित्र पुन्हां काढावें लागतें. पैसा दुसऱ्यांदा जातो, किरणही दुसऱ्यांदा अंगावर पडतात. रोंटगेननें १८९५ सालीं हे किरण शोधले व त्यावर पेटंट घेतलें नाहीं. किरण सर्वांचे राहिले. त्यांनीं काढलेलें चित्र मात्र ज्याचें त्यास मिळूं नये, ही विपरीत गोष्ट होय.

वखार फुटण्याचें भयही खोटें नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हां एवढ्या मोठ्या संस्थेस कित्येक दिवस हातानें कागद लिहून काम चालवावें लागलें. तेव्हां लहान केंद्रानें चित्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवणें व वखारीच्या किल्ल्या कोणाकोणाजवळ आहेत ह्याची नोंद ठेवणें अगत्याचें आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला आहे. परंतु कायद्याचा उपयोग विचारणारासच होतो.

कोणी म्हणेल, 'हीं सर्व सोंगें कशास? सरकारनें तालुक्यास डॉक्टरच द्यावा.' हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. चित्र दूर पाठविण्याची सोय झाली म्हणून रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवण्याचा मोह अधिकाऱ्यांस होईल, ही भीति रास्त आहे. दूरच्या तज्ज्ञास पोटावर हात ठेवून पाहतां येत नाहीं, मोडलेला हात बसवितां येत नाहीं. म्हणून ही सोय जवळच्या डॉक्टरास जोड म्हणून मागावी, त्याच्या बदलीं म्हणून कदापि स्वीकारूं नये. परंतु डॉक्टर येईपर्यंत चित्रही नको असें म्हणणें म्हणजे विहिरीस पाणी लागेपर्यंत तहानलेल्यास घागर नाकारण्यासारखें आहे.

आतां आपल्या संघानें काय करावें? यंत्रें विकत घेण्याची घाई करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याआधीं विनाखर्चाचें एक काम आहे. आपल्या तालुक्यांत जेथें जेथें चित्रें काढून दूर पाठविलीं जातात, त्या प्रत्येक ठिकाणीं संघाच्या वतीनें चार प्रश्न लेखी विचारावे. चित्र काढणारा शिकलेला आहे काय? अहवालावर सही कोणाची असते व तो किती तासांत येतो? आलेला अहवाल रुग्णास कळविण्याचें काम नांवानिशीं कोणाकडे आहे, व तो माणूस रजेवर गेल्यास कोणाकडे? रुग्णास चित्राची प्रत व अहवाल स्वतःच्या हातीं मिळतो काय? जें केंद्र समाधानकारक उत्तरें देईल त्याचें नांव संघाच्या कचेरींतील फळ्यावर लिहावें. गांवोगांवच्या आशाताईंस हे चार प्रश्न कळवावे. कारण रुग्ण व निकाल ह्यांची गांठ शेवटीं बहुधा त्याच घालून देतात. ज्यांच्या घरीं मोबाईल एकाच मुलाजवळ असतो व तो मुलगा पुण्यास असतो, अशा वृद्धांचे अहवाल संघाच्या कचेरींत बंद पाकिटांतून मागवितां येतील काय, ह्याचाही विचार व्हावा.

आमच्या शेजाऱ्याच्या बाबतींत तिसरा प्रश्न कोणी विचारला असता तर २३ दिवसांचा एक दिवस झाला असता, व बहुधा एका लहान मुलावरील संकट टळलें असतें. येत्या वार्षिक सभेंत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा अशी सूचना आम्ही देत आहों. खतांच्या भावावरील चर्चा आटोपल्यावर सभासदांनीं ह्यासाठीं अर्धा तास बसावें, एवढीच विनंति आहे.