परीक्षेने सिद्ध झालेल्या विद्येस श्रेयांक मिळावेत

मार्केट यार्डाच्या भुसार विभागात ज्याचे तारुण्य रोजकीर्द व खतावणी लिहिण्यात गेले, शेतकऱ्याची हिशेबपट्टी करताना हमाली-तोलाई ज्याने पैशापर्यंत अचूक वजा केली आणि वर्षअखेरीस तेरीज जुळवून ताळेबंदही मांडला, अशा मुनिमास पदवी घेण्याची इच्छा झाली, तर प्रथम वर्षाच्या लेखाकर्माचे पाठ त्याला मुळापासून गिरवावे लागतात, हा त्याच्या विद्येचा अव्हेर आहे.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने २०२३ साली अध्ययनाच्या ३० तासांस एक श्रेयांक असे परिमाण ठरवून अनुभवातून आलेले ज्ञानही श्रेयांकास पात्र मानले. असे श्रेयांक जमा करण्यास अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून सिद्ध आहे. उणीव आहे ती अभ्यासक्रमास नाव न नोंदवता देता येणाऱ्या थेट परीक्षेची. ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचाची परीक्षाही अभ्यासक्रमास नाव नोंदवून स्वाध्याय पुरे करणाऱ्यासच फलदायी ठरते. अमेरिकेत मात्र कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ परीक्षा १९६७ पासून चालू असून, विषय कोठे व कसा शिकलात याची चौकशी न करता, उत्तीर्ण उमेदवारास अनेक महाविद्यालये श्रेयांक देतात.

हजेरीवाचून दर्जा खालावेल, हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. गुरूच्या सहवासात प्रश्न विचारण्याची जी सवय लागते, ती उत्तरपत्रिकेत मोजता येत नाही, आणि प्रयोगशाळेचे विषय तर या योजनेतून वगळलेच पाहिजेत. परंतु पहाटेपासून गाळ्यावर राबणाऱ्यास तो सहवास मुळातच अप्राप्य असताना, त्याच्या अभावाची शिक्षा त्यालाच का व्हावी? लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बहिःस्थ उमेदवारांना पदवीपरीक्षा खुल्या केल्या. त्यामुळे त्या पदवीची प्रतिष्ठा लोपली नाही. प्रश्नपत्रिका कठोर असावी, घोकंपट्टीस वाव न देता प्रत्यक्ष व्यवहाराची कागदपत्रे समोर ठेवून ज्ञान पारखावे. मग दर्जाची चिंता उरत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीची दफ्तरी नोंद झाली, तशी या विद्येचीही व्हावी.

सबब सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने लेखाकर्म व व्यापारी गणित या दोन विषयांपासून आरंभ करावा, प्रश्नपत्रिका मराठीतही काढाव्यात, वर्षातून दोनदा परीक्षेस बसण्याची मुभा द्यावी, आणि बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मार्केट यार्डाच्या गुलटेकडी परिसरातच एक केंद्र ठेवण्याची तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक
मार्केट यार्ड, पुणे