पुढे पाठवण्याआधी मराठीचा तास

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : ऑनलाइन मराठी पाठांत डिजिटल नागरिकत्वाच्या शिक्षणाचा समावेश करण्याबाबत

महोदय,

लातूर जिल्ह्यातील देवणी तालुक्याची हद्द संपते तिथे कर्नाटकचा बिदर जिल्हा सुरू होतो, आणि त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या औराद तालुक्यातील मुरकी गावी, 13 जुलै 2018 रोजी हैदराबादहून आलेल्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने मारहाण करून जीव घेतला. त्याच्या सोबत्यांनी शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली, एवढेच निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी आल्याचा मजकूर व्हॉट्सॲपवरून त्यांच्या मोटारीच्या आधी पुढच्या गावी पोहोचला आणि तिथे रस्ता अडवला गेला. त्याच महिन्याच्या 1 तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे तशाच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या झाली होती. पुढे व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. परंतु तो पाठवण्याआधी वाचावा कसा, हे शिकवण्याची जबाबदारी शाळेवर, आणि शाळेतही मुख्यतः भाषेच्या तासावर येते.

डिजिटल नागरिकत्व म्हणजे इंटरनेटवर वावरताना माहिती पारखून घेणे, स्वतःची व इतरांची खासगी माहिती जपणे आणि मतभेदातही समोरच्याचा मान राखणे. हा विषय सहसा संगणकाच्या तासाकडे सोपवला जातो आणि पासवर्ड, ओटीपी यांच्या सूचनांवर आटोपतो. त्या सूचना आवश्यकच आहेत. मात्र अफवा भाषेत घडते, म्हणून ती ओळखण्याची साधनेही व्याकरणात आधीपासून आहेत. ‘आपल्या भागात टोळी फिरत आहे, काही मुले पळवण्यात आली आहेत, सर्वांना पाठवा’ अशा मजकुरात मुले पळवल्याची गोष्ट कर्मणी प्रयोगात आहे, म्हणून कोणी पळवली हे कळत नाही आणि कोणी पाहिले तेही नाही. कालवाचक क्रियाविशेषण मुळीच नाही, म्हणून तो आजचा की तीन वर्षांपूर्वीचा हे ठरत नाही. ‘आपल्या भागात’ हे स्थळ प्रत्येक गावाला लागू पडते. आणि ठाम आहे तो फक्त शेवटचा आज्ञार्थ. शाळकरी मूल हे सारे ओळखू शकते, कारण प्रयोग आणि क्रियापदाचे अर्थ शालेय व्याकरणातच येतात. देवणी जातीचा बैल घेताना दात आणि चाल पाहिल्याशिवाय दावे हाती न घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात ही पारख मुळात परकी नाही.

दहावीच्या मराठी पाठ्यपुस्तकात पत्रलेखन आता ई-मेलच्या धर्तीवर आहे, हा बदल स्वागतार्हच. पण विद्यार्थी तो ई-मेल आखीव कागदावर शाईने लिहितो आणि तो कोणालाही जात नाही. उत्तर येत नाही तोवर आपल्या शब्दांनी वाचणाऱ्याचे काय होते हे कळण्याचा मार्गच बंद राहतो. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ‘दीक्षा’ या शैक्षणिक व्यासपीठावर उघडणाऱ्या साहित्यातही विद्यार्थी बहुधा प्रेक्षक असतो. तो चित्रफीत पाहतो, प्रश्न सोडवतो आणि बाहेर पडतो.

मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा 2020 चा कायदा सर्व माध्यमांच्या शाळांना लागू असल्याने उर्दू आणि कन्नड माध्यमाची मुलेही मराठीच्या तासाला बसतात, तर संगणक कक्ष प्रत्येक शाळेत नाही. देवणीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात, जिथे मराठीबरोबर कन्नड, दखनी आणि बंजारा बोली कानी पडतात, तिथे या एका तासाचे मोल फार मोठे आहे, कारण अनोळखी बोलीत बोलणाऱ्या माणसावरच अशा अफवांचा पहिला संशय जातो.

म्हणून परिषदेने सहावी ते दहावीच्या ऑनलाइन मराठी पाठांत खऱ्या स्वरूपाच्या, नावे वगळलेल्या अफवांचे व्याकरणाच्या अंगाने विश्लेषण समाविष्ट करावे, आणि दोन शाळांच्या वर्गांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एकमेकांना लेखी उत्तरे देण्याची सोय उभारावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्यामुळे हे लेखन शाळांपुरते बंदिस्त राहावे आणि त्यात मुलांची छायाचित्रे वा दूरध्वनी क्रमांक नसावेत. सुरुवात सीमेलगतच्या तालुक्यांतून व्हावी, आणि जोडीच्या पहिल्या शाळांमध्ये देवणीची एक मराठी व एक उर्दू शाळा असावी.

देवणी, जि. लातूर