सक्युलंट पावसाळ्यात का मरतात?

सक्युलंट उन्हाने वाळून मरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात आपल्याकडची बहुतेक रोपं पावसाळ्यात कुजून मरतात.

रोप विकत घेताना एकच सूचना मिळते: 'आठवड्यातून एकदा पाणी घाला.' ही सूचना देणं आता बंद व्हायला हवं. ती ऋतू बघत नाही, गाव बघत नाही आणि रोपही बघत नाही. मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर लहान कुंडी दोन दिवसांत कोरडी पडते. जुलैत रत्नागिरीच्या पडवीत तीच कुंडी पंधरा दिवस ओली राहते. दोन्हीकडे एकच नियम कसा चालेल?

शिवाय सक्युलंट ही काही एक जात नाही. पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या अनेक कुळांतल्या वनस्पतींचं ते सामायिक नाव आहे. एचेवेरिया मुख्यतः मेक्सिकोची, हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेची. आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी मात्र ऐन पावसाळ्यात पानं धरते आणि कोरड्या दिवसांत ती गाळून नुसत्या खोडावर जगते. मग तिला पाऊस कसा मानवतो? कारण ती कड्याकपारीत वाढते, तिथे पाणी थांबत नाही. कुंडीत ते साचतं, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि खोड मऊ पडतं.

म्हणून पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात ठेवावी. खालची बशी काढून टाकावी. मातीत निम्मी तरी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असावेत. माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी नको. अरबीत निवडुंगाला 'सब्बार' म्हणतात, आणि धीर या अर्थाचा 'सब्र' त्याच धातूतला आहे. या चार महिन्यांत धीर आपणच धरायचा असतो. कुंडी बदलणं, पानांपासून नवी रोपं करणं ही कामं हिवाळ्यात करावीत. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाला आडोसा द्यावा आणि पाणी संध्याकाळी घालावं.

रोप मेलं की माणूस 'माझ्या हाताला झाड लागत नाही' म्हणून गप्प बसतो, आणि दुकानात तीच सूचना पुढच्या गिऱ्हाईकाला दिली जाते. विक्रेत्याने रोपाचं नाव आणि मूळ प्रदेश सांगायला हवा. तो सांगत नसेल, तर आपण विचारायला हवं. आणि पहिलंच सक्युलंट घ्यायचं असेल, तर जूनमध्ये घेऊ नका, नोव्हेंबरपर्यंत थांबा.