बदलतलो तो समोरचो?

"चॅम्पियन कित्याक बदलतलो? बदलतलो तो समोरचो!" मुष्टियुद्धाचा विषय निघाला की मालवण-वेंगुर्ल्याच्या नाक्यांवर हे मत कोणीतरी ठोकतोच. म्हणजे खरा विजेता आपली शैली प्रतिस्पर्ध्यावर लादतो, आणि जो प्रतिस्पर्धी पाहून बदलतो तो मनातून घाबरलेला असतो. मत रुबाबदार आहे. टिकणारं नाही.

त्याच्या बाजूचा भक्कम दाखला आधी मांडतो. 20 जून 1980, माँट्रियल. शुगर रे लिओनार्ड हा पायांच्या चपळाईवर आणि हातांच्या वेगावर जिंकणारा विश्वविजेता. समोर रोबेर्तो दुरान, अंगाला अंग भिडवून लढणारा. दुरानने लढतीआधी त्याला यथेच्छ डिवचलं. लिओनार्ड चिडला, जागेवर उभा राहून त्याच्याशी ठोशाला ठोसा भिडला आणि पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. झालं, शैली सोडली आणि किताब गेला!

पण यातून सिद्ध काय होतं? लिओनार्डने त्या रात्री दुरानला हवी तीच लढत दिली. प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाणं वेगळं आणि प्रतिस्पर्धी ओळखून बदलणं वेगळं. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला तोच लिओनार्ड दुरानला धरू देईना. निसटायचा, वळायला लावायचा, वर वाकुल्या दाखवायचा. आठव्या फेरीत दुरानने वैतागून लढतच सोडली. हत्यारं लिओनार्डची जुनीच होती, पण कुठलं कधी काढायचं ते या वेळी त्याने दुरानकडे बघून ठरवलं.

खरं तर दशावतारात रात्र जागवलेल्या कोकणी माणसाला हे सांगावं लागू नये. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, पण संवादाची लिखित संहिता नसते. संयुक्त दशावतारात तर वेगवेगळ्या कंपन्यांचे नट एकमेकांसमोर उभे राहतात. समोरचा पुराणातले दाखले देऊन कोंडीत पकडणारा निघाला तर राजा एक बोलतो, मृदंगाच्या ठेक्यावर तलवार परजणारा निघाला तर दुसरं. तोच राजा पार्सेकर कंपनीच्या नटासमोर आणि वालावलकर कंपनीच्या नटासमोर शब्दन् शब्द तसाच बोलू लागला, तर पहाटेपर्यंत समोर बसणार कोण? रंगमंचावर आपण ज्याला हजरजबाबीपणा म्हणून डोक्यावर घेतो, त्यालाच रिंगणात भित्रेपणा ठरवतो. हे काही पटत नाही.

आता पुन्हा मुष्टियुद्धाकडे, अली-फोरमनच्या किन्शासातल्या लढतीकडे. 30 ऑक्टोबर 1974. जॉर्ज फोरमन 25 वर्षांचा. 40 लढती, 40 विजय, त्यांतले 37 नॉकआउट. ज्या जो फ्रेझरने आणि केन नॉर्टनने मोहम्मद अलीला हरवलं होतं, त्या दोघांनाही याने दोन-दोन फेऱ्यांत गुंडाळलेलं. अली 32चा, पाय तरुणपणीचे राहिलेले नाहीत. पहिल्या फेरीत त्याने थेट उजव्या हाताने हल्ला चढवला. फोरमन काही डगमगला नाही; उलट रिंगणाचे कोपरे बंद करत अंगावर येत राहिला. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना टेकला, हात तोंडापुढे धरले, मार दंडांवर आणि बरगड्यांवर घेतला. कोपऱ्यातून प्रशिक्षक अँजेलो डंडी 'दोरांपासून दूर हो' म्हणून ओरडत होता. फोरमनचे दंड मारून मारून जड झाले, आणि आठव्या फेरीत तो कोसळला.

यात अली दुसरा कोणी झाला का? येणारा ठोसा वाचणारी नजर त्याचीच, मागे झुकून चेहरा वाचवणं त्याचंच, कानाशी लागून टोमणे मारणंही त्याचंच. त्याने सोडलं ते फक्त नाचणं, म्हणजे ज्यासाठी जग त्याला ओळखत होतं नेमकं तेच. आपल्या नावाची गोष्ट एका रात्रीपुरती बाजूला ठेवायला हिंमत लागते. घाबरलेल्याला ते जमत नाही.

यावर एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. दोरांना टेकून मार खाण्याची ही युक्ती अलीने पुढेही वापरली. 1975मध्ये मनिलात फ्रेझरचे असंख्य ठोसे अंगावर घेतले, 1980मध्ये लॅरी होम्ससमोर तर बघवत नव्हतं. पण यात दोष बदलण्याचा नाही. एका फोरमनवरचा इलाज त्याने सवय करून टाकला, म्हणजे बदलणंच थांबवलं. शिवाय प्रत्येक कुलूप उघडतंच असंही नाही. 1973मध्ये जबडा मोडणारा नॉर्टन अलीला तीन लढतींत कधीच नीट उलगडला नाही. पुढच्या दोन्ही लढती अलीने जिंकल्या त्या जेमतेम.

आपल्याकडचा, क्रिकेटमधला दाखला हवा असेल तर मुळचं घराणं वेंगुर्ल्याचं असलेल्या सुनील गावसकरांचा घ्या. 1981-82च्या रणजी उपांत्य सामन्यात, बंगळुरूच्या फिरत्या खेळपट्टीवर, डावखुरा फिरकीपटू रघुराम भट मुंबईला कापून काढत होता. गावसकर त्याच्यासमोर चक्क डावखुरे होऊन उभे राहिले, 18 धावांवर नाबाद राहिले. काहींना ती थट्टा वाटली. मला ते साधं गणित वाटतं, कारण बाहेर वळणारा चेंडू त्यामुळे आत येऊ लागला. 1983मध्ये वेस्ट इंडीजच्या वेगवान मार्शलने कानपूरला त्यांच्या हातातली बॅट उडवली, तर दिल्लीत त्यांनी हुक मारत 94 चेंडूंत शतक ठोकलं. त्याच मालिकेत मद्रासला, दोन बाद शून्य अशा अवस्थेत येऊन, नाबाद 236 धावांचा डोंगर सावकाश रचला. गोलंदाज तेच, मालिका तीच, फलंदाज मात्र प्रत्येक वेळी निराळा.

विरोधक इथे 1975चा विश्वचषक काढतात: लॉर्ड्सवर इंग्लंडच्या 334 धावांसमोर 60 षटकं खेळून 174 चेंडूंत नाबाद 36. काढावाच. न बदलणारा चॅम्पियन हवा होता ना, तो त्या दिवशी मिळाला होता! त्याच गावसकरांनी 31 ऑक्टोबर 1987ला नागपुरात, अंगात ताप असताना, न्यूझीलंडविरुद्ध 85 चेंडूंत शतक केलं. वय 38. एकदिवसीय सामन्यांतलं ते त्यांचं पहिलं शतक, आणि शेवटचंही.