आधी माप, मग गिअर बॉक्स

आपल्याकडे ‘हाताला अंदाज आहे’ या शब्दांना मोठा मान आहे. बेळगावच्या जुन्या मिस्त्रींच्या बाबतीत तो योग्यच आहे. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे मिस्त्री मी सुट्टीत गॅरेजमध्ये काम करताना पाहिले आहेत. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग बसवताना केवळ अंदाजावर विसंबणे हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे. आणि त्या सवयीची मुळे आपल्या वर्कशॉपपर्यंत पोहोचतात.

कला-वाणिज्य शाखेच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. क्लचचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळीतून पुढे ढकलले जाते. पास्कलचा दाबाचा नियम आपण सारे शाळेत शिकलो, तोच येथे राबतो. जुन्या रचनेत हा दाब गिअर बॉक्सच्या बाहेरच्या सिलिंडरवर येई व तो एका फोर्कला ढकली. अनेक नव्या गाड्यांत मात्र कड्याच्या आकाराचा सिलिंडर गिअर बॉक्सच्या शाफ्टभोवतीच बसवतात. त्याच्या तोंडावरचे बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे दाबते आणि क्लच सुटतो. रचना सुटसुटीत खरी, पण एकदा गिअर बॉक्स चढवला की हा भाग डोळ्यांआड होतो. पुढे दोष निघाला तर सगळा गिअर बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

म्हणून माप आधी घ्यायचे. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला पक्की आवळल्यावर इंजिनच्या जोडपृष्ठापासून स्प्रिंगच्या बोटांची टोके किती पुढे आली आहेत ते मोजावे. मग बेअरिंग पूर्ण मागे दाबून बेल हाउसिंगच्या जोडपृष्ठापासून ते किती खोल आहे ते मोजावे. समजा, खोली 62 मिमी आली आणि बोटांची उंची 57.5 मिमी, तर मोकळी जागा 4.5 मिमी. ती पुरेशी आहे की नाही, हे त्या बेअरिंगच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडून ठरवायचे. तीन ठिकाणी माप घ्यावे, म्हणजे तिरकेपणाही कळतो. पोलादी पट्टी आडवी ठेवून मोजत असाल तर तिची जाडी वजा करण्यास विसरू नये. 6 मिमी जाडीची पट्टी खोलीच्या मापात तशीच राहिली, तर साडेचारची जागा कागदावर साडेदहा होते!

जागा कमी असली तर काय होते? क्लच प्लेट झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगकडे सरकतात, आणि तरफेच्या नियमाने ती झिजेच्या कित्येक पट सरकतात. बेअरिंगला मागे जायला जागा उरली नाही की क्लच पूर्ण बसत नाही, घसरू लागतो. भरलेली गाडी चोर्ला घाट चढत असताना हे घडले तर ड्रायव्हरची काय अवस्था होईल, ते सांगायला नको. उलट जागा जास्त असली तर पिस्टन मर्यादेबाहेर येतो, सील निसटते, ऑइल गळते आणि पेडल जमिनीला टेकते. जास्त जागेवर योग्य जाडीची शिम घालता येते. पण किती जाडीची, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

मोजमापाबरोबर तपासणीही हवी. बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागते का पाहावे. ते रॉकेलमध्ये धुऊ नये, आतले ग्रीस जाते. साधे इंजिन ऑइल या सिलिंडरात घालू नये, रबरी सील फुगते. गिअर बॉक्स खाली असताना पेडल दाबू नये, पिस्टन बाहेर पडतो. आणि जोडणीनंतर नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी सोडू नये.

हे सारे दहा-पंधरा मिनिटांचे काम. मग ते टाळले का जाते? ‘टाइम कुठं आहे?’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. गॅरेजमध्ये आज जो पोरगा पाना धरतो, त्याच्या हाती कोणी व्हर्नियर दिलेलाच नसतो. आणि आपण, ज्यांच्या हाती तो दिला जातो, काय करतो? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधी उत्तर लिहितो आणि मग त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागे भरतो. अशा जर्नलवर सही मिळवणाऱ्या पदवीधराने मिस्त्रीच्या अंदाजाला नावे ठेवू नयेत. मिस्त्रीच्या अंदाजामागे निदान वीस वर्षांचा हात तरी असतो.

माझी सूचना साधी आहे. वर्कशॉपमध्ये एक भंगारातला गिअर बॉक्स आणि क्लचसकट एक जुने इंजिन मांडावे. प्रत्येकाने स्वतः माप घ्यावे, आकडे वेगळे आले तर का आले यावर प्राध्यापकांसमोर बोलावे, आणि गुण त्या बोलण्याला मिळावेत. उद्यमबागेतल्या मिस्त्रींनाही एक दिवस बोलवावे. त्यांचा अंदाज आणि आपले व्हर्नियर समोरासमोर येऊ देत. मराठीत ‘माप’ म्हणा की कन्नडमध्ये ‘अळते’, आकडा दोघांनाही एकच दिसेल. आणि गाडी दुरुस्तीला देणाऱ्या प्रत्येकाने बिलावर ती दोन मापे लिहून मागावीत. मागणारा भेटला की मोजणारा आपोआप तयार होईल.