नवशिक्याची सूचना

संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या, जिला प्रोग्रॅमिंग किंवा मुलांच्या बोलीत नुसते कोडिंग म्हणतात, ती आता कर्जत-खालापूरकडील मुलांस परकी राहिलेली नाही. खोपोलीहून लोकलने कर्जतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारे तरुण तर ती शिकतातच. परंतु आमच्या शाळेतील नववी-दहावीची मुलेही वडिलांच्या मोबाइलवर तिचे पाठ गिरवीत असतात, आणि डोंगराच्या आडोशाला वसलेल्या वाडीत रेंज नसली तर टेकाडावर चढून गिरवितात. ह्या विद्येत एक अडचण पदोपदी येते. एखादे चिन्ह गाळले तरी यंत्र अडून बसते, आणि ते का अडले हे सांगणारा कोणी जवळ नसला म्हणजे सबंध संध्याकाळ फुकट जाते. म्हणून जगभरच्या जाणत्या लोकांनी एकमेकांचे प्रश्न सोडविण्याची सामाईक ठिकाणे इंटरनेटवर उभारिली. त्यांत सर्वांत नावाजलेले 'स्टॅक ओव्हरफ्लो'. जेफ ॲटवुड व जोएल स्पोल्स्की ह्या दोन गृहस्थांनी ते २००८ साली सुरू केले, आणि त्याचे नाव देखील ॲटवुड ह्यांच्या वाचकांनी मते देऊन निवडिले.

ज्या स्थळाचे बारसेच वाचकांच्या कौलाने झाले, त्याने पुढे वाचकांच्या सूचना कशा ऐकिल्या, हा आजच्या लेखाचा विषय आहे. तो केवळ संगणकवाल्यांचा आहे असे समजून पालकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे.

स्थळ सुरू झाल्यानंतर वर्षाच्या आतच त्याच्या चालकांनी 'मेटा' नावाचे निराळे अंगण उघडिले. तेथे प्रोग्रॅमिंगचे प्रश्न विचारावयाचे नाहीत. ह्या स्थळातच काय उणे आहे, काय मोडले आहे, काय नवे हवे, तेवढेच मांडावयाचे. प्रत्येक सूचनेवर इतर सभासद अनुकूल-प्रतिकूल मते देतात, आणि चालकांनी निर्णय केला म्हणजे तिच्यावर तसा शिक्का पडतो: हे केले, हे नाकारिले, हे मुद्दामच असे ठेविले आहे. आम्हांस ह्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती नकाराचा शिक्का. आपल्याकडे सूचनांच्या पेट्या कचेऱ्यांतून, स्थानकांतून, इस्पितळांतून टांगलेल्या असतात. त्यांच्या कुलपाची किल्ली कोणापाशी आहे हे बहुधा कोणासच ठाऊक नसते. चिठ्ठी आत टाकिली की विहिरीत खडा टाकिल्यासारखे होते. फरक इतकाच की खड्याचा निदान आवाज तरी येतो. नकार मिळालेला मनुष्य रागावतो, भांडतो, कधी समजूतही करून घेतो. पण ज्यास उत्तरच मिळत नाही तो दुसऱ्यांदा लिहावयास येत नाही.

एवढी स्तुती केल्यावर आमचा आक्षेपही सांगितला पाहिजे. ह्या स्थळी प्रत्येकाची पत गुणांनी मोजितात. नवा आलेला मनुष्य एका गुणाने आरंभ करितो, आणि उत्तरे लोकांस पसंत पडत गेली म्हणजे त्याचे गुण वाढतात. अनेक वर्षे नियम असा राहिला की, दुसऱ्याच्या लिखाणाखाली शंका विचारावयाची तर ५० गुण पाहिजेत, आणि मेटावर सूचना मांडावयाची तर निदान ५. म्हणजे जो आज दारात पाऊल ठेवीत आहे आणि उंबरठ्याला ठेचकाळला आहे, त्यास 'उंबरठा उंच आहे' असे म्हणण्याचा अधिकार नाही. आत येऊन स्थिरावल्यावर तो म्हणावे. पण आत स्थिरावलेल्यास उंबरठ्याची आठवण कोठून राहणार?

अर्थात् जुन्या सभासदांची बाजू अगदीच लटकी नाही. एकच प्रश्न शंभर जणांनी शंभर वेळा विचारिला, अर्धवट विचारिला, गृहपाठ जसाच्या तसा उतरवून 'उत्तर द्या' म्हणून टाकिला, तर चांगली उत्तरे त्या केरात बुडून जातील. फुकट शिकविणाऱ्याचा वेळ हाही एक दानधर्मच आहे, आणि दान देणाऱ्याने पात्र पाहावे हे आपल्याकडेही मानितातच. तथापि कडकपणा आणि हिडीसफिडीस ह्यांतील अंतर तेथे पुष्कळांनी राखिले नाही. प्रश्न मिटवून टाकावयाचा, खाली उणे मत द्यावयाचे, आणि कारण सांगावयाचे नाही, हा परिपाठ इतका वाढला की, एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर लिहून कबूल केले की आमचे हे ठिकाण नवख्यांस, स्त्रियांस व उपेक्षित समाजांतील लोकांस आपुलकीचे वाटत नाही. दहा वर्षे नवशिके जे म्हणत होते ते ऐकू यावयास दहा वर्षे लागली. त्या अवधीत किती मुले मुकाट्याने परत गेली असतील! त्यांत इंग्रजी वाक्य धड जुळविता येत नाही म्हणून हिणविली गेलेली आपल्याकडचीही असतील. पोर्तुगीज, जपानी, रशियन व स्पॅनिश ह्या भाषांत ह्या स्थळाच्या निराळ्या शाखा निघाल्या, मराठीत नाही. ज्या मुलाच्या घरी कातकरी किंवा ठाकरी बोली चालते, त्यास मराठीच शाळेत येऊन शिकावी लागते. त्याच्या दृष्टीने इंग्रजीतील प्रश्न म्हणजे तिसरा डोंगर.

आमचे मत असे की, कोणत्याही सामाईक विद्यास्थानाच्या सुधारणेसाठी सर्वांत उपयुक्त साक्षीदार म्हणजे तेथील नवशिका होय. जाणत्याचे पाय अंधारातही पायऱ्या ओळखितात, म्हणून कोठली पायरी ढासळली आहे हे त्यास कळत नाही. आमच्या ख्रिस्ती वाचकांस ह्याचे जवळचे उदाहरण मराठी पवित्र शास्त्राचे आहे. विल्यम कॅरी ह्यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार सिरामपूर येथे १८११ साली छापून निघाला. बंगालात बसून सिद्ध केलेली ती भाषा इकडील लोकांच्या कानाला परकी वाटली, आणि मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी निराळे भाषांतर करून १८२६ साली प्रसिद्ध केले. त्यातही पुढे फेरफार होत गेले. शतक उलटल्यावर देखील पंडिता रमाबाईंस असे दिसले की, साध्याभोळ्या बायाबापड्यांस हे मराठी अजून जड जाते. म्हणून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रकाशित झाले. ह्या सर्व सुधारणांच्या मुळाशी मोठमोठे विद्वान होते हे खरे. परंतु विद्वानांस कामास लाविले ते न कळणाऱ्या श्रोत्यांनी. त्या श्रोत्यांनी 'कळले' म्हणून माना डोलाविल्या असत्या तर रमाबाईंचे श्रम घडतेच ना.

नवशिक्याचा हक्क आम्ही सांगितला. आता त्याचे कर्तव्यही सांगतो, कारण विद्यार्थी हक्काचा भाग तेवढा वाचून थांबतात असा अनुभव आहे. नुसते 'हे वाईट आहे' म्हणणे ही सूचना नव्हे. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे ते आहे, आणि 'कर्जत' हे नाव व पुढे अंक लाविलेली तेथील भाताची बियाणी आपल्या पालकांपैकी पुष्कळांनी पेरिली असतील. तेथे जाऊन एखादा शेतकरी 'तुमचे भात काही खरे नाही' एवढेच म्हणाला, तर शास्त्रज्ञ बिचारे काय करणार? पण तोच जर म्हणाला की, 'अमुक वाण लोंबी भरता भरता पावसात आडवे होते, आमचे खाचर सखल आहे, शेजारच्या माळावर मात्र ते उभे राहिले,' तर त्या एका वाक्यात शास्त्रज्ञाला सबंध हंगामाचे काम मिळते. संगणकाच्या बाबतीतही तेच. काय केले, काय होईल असे वाटले, प्रत्यक्षात काय झाले, आणि पुन्हा केले तरी तसेच होते काय, एवढे जो नीट लिहील त्याची सूचना टाळणे मोठमोठ्या कंपन्यांसही जड जाते.

ह्याचा एक दाखला प्रत्येक मराठी मुलाच्या बोटाखाली आहे. 'ॲ' हे अक्षर पाहा. 'ॲप', 'ॲल्युमिनियम' असे शब्द आपण बिनदिक्कत लिहितो. परंतु जगातील लिप्यांस संगणकासाठी क्रमांक देणारे जे युनिकोड नावाचे मानक आहे, त्यात हिंदीच्या वळणाचे 'ऍ' आधीपासून होते आणि मराठीचे 'ॲ' नव्हते. ते २००८ सालच्या ५.१ ह्या आवृत्तीत आले. तेथे नवे अक्षर नुसते मागून मिळत नाही. ते कोठे छापले जाते, कोण वापरितात, असलेल्या अक्षराने काम का भागत नाही, ह्याचे नमुन्यांसह निवेदन करावे लागते. एका अर्धचंद्रासाठी एवढा खटाटोप! पण तो कोणी तरी केला, म्हणून आज आपल्या मुलींची 'ॲन' व 'ॲग्नेस' ही नावे हजेरीपटावर शुद्ध उमटतात.

मराठीत सूचना करावयास जागाच नाही, असेही कोणी म्हणू नये. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सर्वांच्या चर्चेसाठी एक पान आहे, आणि त्यास नाव दिले आहे 'चावडी'. नाव देणाऱ्याचे आम्हांस कौतुक वाटते. गावच्या जुन्या चावडीवर सर्वांसच बोलता येत असे असे मात्र नाही; कित्येकांस तिच्या पायरीखालीच उभे राहावे लागे. ह्या नव्या चावडीवर गुणांची अट नाही, जातीची नाही, वयाची नाही. तेथे उणीव आहे ती कामकऱ्यांची. 'अमुक लेख हवा' असे म्हणणारे पुष्कळ, लिहावयास बसणारे थोडे. तेव्हा जो तेथे उणीव दाखवील त्याने एक परिच्छेद आपल्या हाताने सुधारून मग दुसरा मागावा, असे आम्ही मुलांस सांगत असतो.

आता पालकांस दोन शब्द. मुलगा घरी काही सुचवावयास लागला की 'आम्हांला शहाणपण शिकवू नकोस' हे वाक्य किती घरांत तयारच असते! शिक्षकवर्गही ह्या बाबतीत निर्दोष नाही. दहा वर्षे ज्याने मान खाली घालून ऐकिले, तो अकराव्या वर्षी महाविद्यालयात गेल्यावर एकाएकी स्पष्ट प्रश्न कसा विचारणार? तो मग दोहोंपैकी एक करितो: गप्प बसतो, किंवा शिवीगाळ करितो. मधली वाट, नम्रपणे व तपशीलवार 'येथे चुकते आहे' म्हणण्याची, त्यास कोणी दाखविलेलीच नसते.

आणि अलीकडे तर गप्प बसण्यास नवे निमित्त मिळाले आहे. २०२२ च्या अखेरीस बोलके यंत्र आले. त्यास काहीही विचारा, ते न रागावता उत्तर देते. मुले त्याकडे वळली, ह्यात नवल नाही, आणि त्यांस दोषही देता येत नाही. जेथे हिडीसफिडीस होत नाही तेथे कोणीही जाईल. परंतु ह्या यंत्रांचे पुष्कळसे शिक्षण अशाच सामाईक स्थळांवरील माणसांच्या उत्तरांवर झालेले आहे. मुलाने यंत्राला विचारिलेला प्रश्न त्याच्या मोबाइलातच राहतो. दुसऱ्या वाडीतील मुलास त्याचा उपयोग होत नाही, आणि यंत्राने आत्मविश्वासाने चूक सांगितली तर चारचौघांत ती दाखवून देणाराही कोणी नसतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर यंत्राने लिहिलेल्या उत्तरांस डिसेंबर २०२२ मध्ये बंदी झाली. पुढे अशी उत्तरे काढून टाकण्याच्या अधिकारास कंपनीने आवर घातला, तेव्हा तेथील बिनपगारी देखरेख करणाऱ्यांनी जून २०२३ मध्ये चक्क संप केला, आणि वाटाघाटी होऊन तो ऑगस्टात मिटला. ती कंपनी २०२१ साली १.८ अब्ज डॉलरांस विकली गेली होती. एवढे मोल ज्यांच्या उत्तरांनी आले, त्यांस आपले म्हणणे ऐकविण्यासाठी काम बंद ठेवावे लागले.

आमच्या शाळेपुरती एक गोष्ट आम्ही सुचवितो. संगणकाच्या खोलीत दोरीने बांधलेली एक जाड वही ठेवावी. ज्याचे जेथे अडेल त्याने तेथे तारीख घालून लिहावे, मराठीत, हवे तर नाव न घालता. आणि पाचवीच्या मुलास दहावीच्या मुलाइतकाच तिच्यावर हक्क असावा. शिक्षकांनी आठ दिवसांच्या आत प्रत्येक नोंदीखाली उत्तर लिहावे. जे करिता येणार नाही तेथे कारणासह नकार लिहावा. महिनाअखेर त्यांतील चार-दोन चांगल्या नोंदी मुलांनीच निवडून, जेथे ज्याचा संबंध असेल तेथे पाठवाव्या, मराठीच्या चावडीवर किंवा जगाच्या मेटावर. पाच गुणांची अट आडवी आली, तर आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे गुण भरले आहेत ते आनंदाने हात देतील. वहीचा खर्च फार तर शंभर रुपये. तो कोणत्या खात्यातून करावयाचा, हे मुख्याध्यापकांनी जूनपूर्वी ठरवावे.